फिरतीवरच्या माणसाचा पत्ता

सोमवार, १५ नोव्हेंबर १९९९, नगर

नोकरी लागली. सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी लागणं म्हणजे म्हातारपणी दात येण्यासारखं आहे. लोक कौतुक करतात, पण जरा वाकून हिरडीही बघून घेतात.

इतकी वर्षं एस.टी. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत रोजंदारीवर बसून गाड्या पुकारल्या. नगर जिल्ह्यात माझा चेहरा कुणाला ठाऊक नाही, पण आवाज ऐकून पिशवी उचलून पळाला नाही असा माणूस सापडणं कठीण. त्या आवाजावरच ही नोकरी मिळाली. आबासाहेबांच्या समूहाने नव्या पद्धतीचे फोन घेतलेत आणि त्या फोनांना बोलता यायला हवं आहे. मशीनला घसा नसतो, म्हणून माझा भाड्याने घेतला.

समूह मोठा आहे. काष्टीला दुधाचं शीतकरण केंद्र, मिरजगावला शीतगृह, शिर्डीला भक्तनिवास, आणि या तिन्ही ठिकाणच्या लोकांना उशीर का झाला हे विचारायला नागापूरच्या एमआयडीसीत मुख्य कार्यालय. कार्यालयाच्या मागे चार क्वार्टर्स आहेत, त्यातलं दोन नंबरचं आम्हाला. दोन खोल्या, मोरी, पुढे तीन पायऱ्या आणि तुळस लावायला रिकामा डबा. बाप-लेकीला पुष्कळ झालं.

सायलीलाही कामावर घेतलं. तिने दुग्धशास्त्राचा डिप्लोमा केलाय, काष्टीच्या प्रयोगशाळेत दुधाची फॅट तपासायची. तिथेच मुलींच्या खोलीत राहील, रविवारी घरी. तिला दमा आहे, तेवढी एकच गोष्ट मनाला लागून राहते. तिची आई गेल्यापासून मी झोपेतही तिचा श्वास मोजतो अशी ती माझी थट्टा करते. पंप पर्समध्ये ठेवलाय का, हे मी आज तिला तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायच्या आत ती जीपमध्ये बसली.

बुधवार, १७ नोव्हेंबर

सम्राट नावाचा इंजिनियर आहे, कर्जत तालुक्यातला, बंगलोरला शिकून आलेला. त्याने फोन समजावून सांगितले. हे फोन टेलिफोनच्या तारेवर चालत नाहीत, कॉम्प्युटरच्या तारेवर चालतात, इंटरनेटच्या वाटेने. हे कायद्यात बसतं का, असं मी विचारलं तर तो छताकडे बघायला लागला. छत चांगलं आहे.

गंमत अशी की या फोनात नंबर भिंतीला चिकटलेला नसतो, यंत्राला चिकटलेला असतो. नगरचा फोन उचला, काखेत मारा, शिर्डीला नेऊन तिथल्या खोबणीत खुपसा, तुमचा नंबर तुमच्यामागे आला. सम्राटला यात विज्ञानाचा विजय दिसतो. मला यात पुढची भांडणं दिसतात.

दुसरी सोय नव्याण्णवची. कुठल्याही फोनवरून नऊ-नऊ फिरवलं की खालच्या खोलीतलं मशीन स्वतःहून बाहेरची लाईन धरतं, अँब्युलन्सवाल्यांना फोन लावतं आणि त्या नंबराचा पत्ता बोलून दाखवतं. समूहाने एका खाजगी अँब्युलन्सवाल्याशी करार केलाय, त्याच्या गाड्या ठिकठिकाणी उभ्या असतात. पत्ता ऐकून जी जवळ असेल ती निघते. माणसाला तोंड उघडायची गरज नाही. सायलीला हे फार आवडलं. म्हणाली, बाबा, दम लागल्यावर पत्ता सांगता येत नाही, हे ज्याने शोधलं त्याला दमा असणार.

तर प्रत्येक नंबराचा पत्ता माझ्या आवाजात भरायचा. "तातडी. ठिकाण, मिरजगाव शीतगृह, व्यवस्थापकांची खोली." असं दिवसभर केलं. सवयीने एकदा "गाडी फलाटाला लागलेली आहे" असंही म्हणून गेलो, ते पुसलं.

सोमवार, २२ नोव्हेंबर

इथे माणसाची किंमत नंबरावरून ठरते. अकरा नंबर आबासाहेबांचा, बारा वहिनीसाहेबांचा, चौदा त्यांचे मेहुणे, इथला सगळा कारभार बघणारे बन्सीभाऊ यांचा. विसाच्या आतला नंबर म्हणजे मानाचं पान. तेरा मात्र कुणी घेत नाही. माणूस गेल्यावर तेराव्याला जेवणावळ उठते, तो आकडा टेबलावर कोण ठेवील. ते यंत्र भांडारात पडून आहे.

पंधरा नंबर मिरजगावच्या सहादेवरावांचा होता. त्यांची बदली शिर्डीच्या भक्तनिवासावर झाली. गेले ते फोन टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन गेले. बायको मागच्या सीटवर, फोन पुढे. शिर्डीत त्याला हळदकुंकू वाहून खोबणीत लावला म्हणे. पंधरा नंबर नव्या माणसाला मिळाला असता तर सहादेवरावांची शिर्डीतही झोप उडाली असती.

मी सम्राटला म्हटलं, यंत्र शिर्डीला गेलं, पण मशीनमध्ये त्याचा पत्ता माझ्या आवाजात अजून मिरजगावचाच आहे. तो म्हणाला, बरोबर, कुणी यंत्र हलवलं की त्याने कळवायचं असं ठरलंय. आजवर कुणी कळवलं, असं विचारल्यावर पुन्हा छत.

बन्सीभाऊंकडे गेलो. ते म्हणाले, रंगनाथराव, दोन हजार साल लागताना जगातले कॉम्प्युटर बंद पडणार आहेत, पेपरात वाचत नाही का? एक जानेवारीपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. जे भरलंय ते भरलंय. आणि मशीनच्या खोलीची किल्ली त्यांनी स्वतःच्या जानव्याला बांधली. नवा नंबर सुरू करायचा असेल तर त्यांच्यासमोर करायचा, जुन्याला धक्का नाही.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

सहादेवराव गेले. शनिवारी दुपारी भक्तनिवासाच्या खोलीत छातीत कळ आली, डावा हात धरून बसले आणि आपल्याच पंधरा नंबरवरून नऊ-नऊ फिरवलं. मशीनने इकडे चोख काम केलं. माझ्या स्वच्छ आवाजात मिरजगाव सांगितलं. गाडी मिरजगावला गेली. सहादेवराव खुर्चीत, रिसीव्हर कानाला लावून, वाट बघत राहिले. शिर्डीत हाकेच्या अंतरावर डॉक्टर असताना.

मिरजगावच्या फाटकावर गाडी घेऊन जो ड्रायव्हर गेला होता तो कानिफनाथ, आज इथे डिझेलच्या पावतीवर सही घ्यायला आला होता. काष्टीकडचा, सुपारी फोडल्यासारखं बोलतो. म्हणाला, तिथं कुनीच न्हाई सायेब, राम वॉचमनने चहा पाजला. चेष्टा करत हुता, म्हनं मलाच न्या, छातीत दुखतंय म्हनून सांगतो. लई हसलो आमी.

श्रद्धांजलीची सभा झाली. बन्सीभाऊंनी दोन मिनिटं मौन पाळलं आणि पंधरा नंबर आता कुणाला, याची चर्चा वीस मिनिटं चालली.

शुक्रवार, ३ डिसेंबर

मिरजगावचा राम वॉचमन काल वारला. तिशीतला गडी, तालमीत जाणारा. फाटकापाशी, नेमकी गाडी उभी होती त्या जागी डावा हात धरून खाली बसला.

योगायोगाला माझी ना नाही. योगायोगावरच माझं लग्न झालं. पण संध्याकाळी ताट अर्धं टाकून उठलो.

गुरुवार, ९ डिसेंबर

आनंदाची बातमी, तेवढीच लिहितो. सायलीला बढती. प्रयोगशाळेतून उचलून तिला फिरती तपासनीस केलं. काष्टीचं दूध, मिरजगावचं लोणी, शिर्डीच्या भक्तनिवासाचं दही, जिथे काम निघेल तिथे जायचं. फिरतीवरच्या माणसाला स्वतःचा फोन मिळतो, पिशवीत घालून हिंडायचा, पोहोचला की तिथल्या खोबणीत लावायचा. रिकामा नंबर तेराच होता. तिने हसत घेतला. म्हणाली, बाबा, तेरावा घालणारे तुम्ही, मी कशाला घाबरू. असलं बोलू नये म्हणून मी रागावलो. मग दोघंही हसलो.

प्रश्न आला की तेराचा पत्ता काय भरायचा. ती आज इथे, उद्या तिथे. बन्सीभाऊंनी नियम सांगितला: फिरतीवरच्या माणसाचा पत्ता घरचा. रेशनकार्डाला हेच, मतदारयादीला हेच, मग फोनाला वेगळं का. त्यांच्यासमोर खोली उघडली आणि मी म्हणालो, "तातडी. ठिकाण, मुख्य कार्यालय, नगर, क्वार्टर नंबर दोन, रंगनाथ यांचे घर." खरं सांगायचं तर आपलं नाव आपल्याच आवाजात ऐकून बरं वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची गावं पुकारली.

शुक्रवार, १० डिसेंबर

दुपारी अँब्युलन्स इथे आली. थेट कार्यालयाच्या दारात, घंटा वाजवत. कानिफनाथ उतरला आणि विचारू लागला, पेशंट कुठाय. हिशोब विभागातून फोन आहे म्हणे. हिशोब विभागात सगळे धडधाकट, वडे खात होते.

उलगडा झाला. तेवीस नंबरचं यंत्र हिशोबातल्या पूजाचं. ती गेल्या आठवड्यात काष्टीला गेली ती यंत्रासकट. तिथे पशुखाद्याच्या गोदामात एका हमालाला साप चावला, तिने घाईने नऊ-नऊ फिरवलं, आणि माझ्या आवाजाने नगरचा पत्ता दिला. आम्ही काष्टीला फोन लावेपर्यंत हमालाला टेम्पोत घातलं होतं. वाटेतच गेला.

कानिफनाथ जाईना. गाडीचं मागचं दार उघडं ठेवून उभा राहिला. मी म्हटलं, चूक झाली, जा आता. तो नजर न उचलता म्हणाला, गाडी पत्त्यावर आली म्हंजी मानूस पाहिजेच सायेब. आज न्हाई तर उद्या. रिकामी फेरी फेरी नसती.

आमची चहावाली कडूबाई मध्येच म्हणाली, मग मला घेऊन चला की, शिर्डीला सोडा, फुकटात दर्शन हुईल. सगळे हसले. कानिफनाथ हसला नाही. तिच्याकडे बघत राहिला, आपण ओळखीच्या माणसाचं नाव आठवताना बघतो तसा.

सोमवार, १३ डिसेंबर

कडूबाई गेली.

कपबशा विसळताना तिच्या पायाला काहीतरी डसलं. हिशोब विभागात, फरशीवर, पंख्याखाली. डॉक्टर म्हणाले दोन दात स्पष्ट आहेत, विष चढलंय. सगळं कार्यालय उलथंपालथं केलं, कपाटं ओढली, नाल्या तपासल्या. साप नाही. एमआयडीसीच्या या प्लॉटवर गवताची काडी उगवत नाही, साप काय खाऊन जगेल.

मी हसण्यावर जगणारा माणूस आहे. आज हसू शोधत बसलो, मिळालं नाही.

मांडणी सरळ आहे, लहान मुलालाही कळेल. मदत चुकीच्या पत्त्यावर जाते. ज्याने बोलावलं तो मदतीवाचून मरतो. मग जिथे मदत गेली तिथल्या एकाला तेच होतं, तीच कळ, तोच साप. पत्ता खोटा ठरत नाही. पत्ता खरा करून घेतला जातो.

आणि तेराचा पत्ता माझ्या घरचा आहे. सायली घरी नसते.

मंगळवार, १४ डिसेंबर

सम्राटला सगळं सांगितलं. तो वेड्यात काढील असं वाटलं होतं. त्याने दार लावून घेतलं आणि म्हणाला, काका, मी मशीनची नोंद बघितली आहे. दोन्ही वेळा तुमचा आवाज एकदा वाजायला हवा होता. तो वाजतच राहिला, राम मरेपर्यंत, कडूबाई मरेपर्यंत. दिवसरात्र कुणाला तरी तो पत्ता सांगत होता. लाईनच्या दुसऱ्या टोकाला अँब्युलन्सवाले नव्हते, त्यांनी केव्हाच ठेवला होता. मग कोण ऐकत होतं, मी विचारलं. त्याने छताकडेही पाहिलं नाही.

बन्सीभाऊंकडे दोघं मिळून गेलो. तेवीस आणि पंधराचे पत्ते बदला, तेराचा पत्ता काढूनच टाका, म्हणून हात जोडले. ते म्हणाले, पत्ता काढला तर नंबर बंद पडेल, नंबर नसलेला माणूस हजेरीत नाही, आणि हजेरीत नसलेल्या माणसाला समूह ओळखत नाही. एक जानेवारी. वर म्हणाले, रंगनाथराव, शिकलेसवरलेले तुम्ही, बायकांसारखं काय बोलता. किल्ली जानव्यावर खालीवर होत होती.

गुरुवार, १६ डिसेंबर

सायलीला फोन केला. नोकरी सोड म्हटलं. ती म्हणाली, बाबा, बढती मिळून अजून आठवडाच झालाय. यंत्र भांडारात ठेवून ये म्हटलं. ती म्हणाली, फिरतीवर पोहोचलं की आपल्या नंबरवरून हजेरी द्यावी लागते, दुसऱ्या यंत्रावरून चालत नाही. मग कबूल करून घेतलं की काहीही झालं तरी नऊ-नऊ फिरवायचं नाही. पंप, आणि आसपासच्या माणसाला हाक. ती हो म्हणाली. लहानपणी औषध प्यायल्याचं सांगताना म्हणायची तसं हो.

मागे दमल्यासारखं काही ऐकू आलं. विचारलं तर म्हणाली, जिना चढून आले, एवढंच.

सोमवार, २० डिसेंबर

सम्राट निघून गेला. राजीनामाही दिला नाही. टेबलावर त्याचं यंत्र होतं, वायर काढलेली, स्क्रू ढिले केलेले, पोट उघडं. बंगलोरच्या कंपनीला फोन केला, नाताळच्या सुट्ट्या.

मशीनच्या खोलीचं दार फोडायला गेलो होतो. पहारीचे दोन घाव घातले. वॉचमनने धरलं. बन्सीभाऊंनी पोलिसात दिलं नाही, दया केली म्हणतात. उद्यापासून मी त्या इमारतीत जायचं नाही. आवाज मशीनमध्ये आहे, म्हणाले, आता तुमचं तसं काही काम नाही.

बुधवार, २२ डिसेंबर

कानिफनाथच्या घरी जाऊन आलो. बोल्हेगावात खोली आहे, बायको पोरं नाहीत. मी म्हटलं, तुझी गाडी आता माझ्या दारी येणार, तर आधीच येऊन मला ने. मी चालत येतो. माझी लेक सोड.

त्याने पाणी दिलं. मग म्हणाला, ते माझ्या हातात न्हाई सायेब. मी फकस्त चालवतो. पत्ता कानात पडला की स्टेअरिंग आपोआप वळतं. शिर्डीच्या सायबांच्या येळी मला आतून कळत हुतं मानूस मिरजगावात न्हाई, शिर्डीत हाय. वळवायला गेलो तर हात वळंना.

मी म्हटलं, दुसऱ्या गाड्या?

समद्यांचं तसंच.

मग म्हणाला, पोरीला घरी आना. ती पत्त्यावर असली तर फेरी खरी हुईल. मी न्हेतो, दवाखान्यात सोडतो, काय न्हाई हुनार तिला.

हे मला का सुचलं नाही. घरी. घरीच आणायचं. पत्ता खरा होईल.

गुरुवार, २३ डिसेंबर

सायलीशी बोललो. घरी ये, मी पडलोय, पाय मोडलाय, असं खोटं सांगितलं. ती रडायला लागली. शनिवारी दुपारची जीप धरून येते म्हणाली, त्याआधी दोन ठिकाणचे नमुने घ्यायचेत, ते टाळता येत नाहीत. आत्ता ये म्हटलं. जीप नाही. एस.टी.ने ये म्हटलं. रात्रीपासून घशात खवखवतंय, एस.टी.च्या धुळीत त्रास होईल बाबा, शनिवारी येतेच ना.

मी शनिवारची वाट बघतोय. खोली झाडली. गादीला नवी खोळ घातली.

शनिवार, २५ डिसेंबर, सकाळ

पायरीवर बसलोय. जीप येईल ती फाटकातून दिसेल.

शनिवार, दुपार

भिंतीपलीकडे मशीनच्या खोलीत मी बोलायला लागलो आहे.

इथपर्यंत ऐकू येतंय. "तातडी. ठिकाण, मुख्य कार्यालय, नगर, क्वार्टर नंबर दोन, रंगनाथ यांचे घर." थांबतो, पुन्हा सुरू. इतक्या स्वच्छ उच्चाराने.

तिने फिरवलं. शब्द दिला होता, पण दम कोंडला की बोटाला काय कळतं –

घरातल्या यंत्रावरून तेरा लावला. उचलला. बोलत नाही. शिट्टी. श्वास आत जातो तेव्हा शिट्टी, बाहेर येतो तेव्हा नाही. सायली, कुठे आहेस? काष्टी का? बाळ, एकदा खाकर. मिरजगाव असेल तर दोनदा. ती खाकरायचा प्रयत्न करतेय आणि मोजता येत नाही, सगळंच खाकरणं आहे –

रिसीव्हर खांद्याने धरलाय. लिहितोय कारण ऐकू येतं ते सुटायला नको. मोटर चालू आहे. मोटर तिन्हीकडे आहे. लांब लाऊडस्पीकर. एक गाय. भांडं पडलं.

शेजारच्या क्वार्टरमध्ये पळालो, तिथल्या यंत्रावरून काष्टी लावलं. बाजारचा दिवस, केंद्रात एकटा कारकून. म्हणाला सायलीताई सकाळीच मिरजगावला गेल्या. मिरजगाव म्हणालं, आल्या होत्या, शिर्डीची जीप धरली. शिर्डी म्हणालं, इथे कुणी नाही, थांबा, बघतो. सगळे बघतो म्हणाले. तिन्हीकडे खोल्या आहेत, माड्या आहेत, गोदामं आहेत. सगळे चालत बघायला गेलेत, पळत कुणी गेलं नाही –

आलोय परत. लाईन चालू आहे. शिट्टी बारीक झाली.

गाडी आली. घंटा. फाटक उघडं. कानिफनाथने मागचं दार उघडून ठेवलं.

त्याला म्हटलं, जा, शिर्डीला जा. नाही, मिरजगावला. तो म्हणाला, कंच्या रस्त्याला लागू ते सांगा सायेब, मनमाड रोड का सोलापूर रोड का दौंड रोड. मला ठाऊक नाही. कुठल्याही. त्याने चावी फिरवली. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून त्याने जोर लावला, मानेच्या शिरा दिसल्या, आणि चाक जागचं हललं नाही. मग तो उतरून माझ्यापाशी पायरीवर बसला. मान खाली. म्हणाला, आतून कळतंय मला ती कुठाय. तोंडातून निघंना.

त्याला हलवलं. शिव्या दिल्या. त्याचे ओठ हलतात, आवाज नाही. आवाज माझा येतोय, भिंतीपलीकडून, पत्ता सांगत –

सायली. सायली ऐक. नाकाने घे. हळू. मी मोजतो, पूर्वी मोजायचो तसं. एक

शिट्टी नाही.

मोटर चालू आहे. गाय. कुणीतरी दार उघडलं तिकडे, कुणीतरी म्हणालं अगं बाई. कुठलं दार. कुठे आहात तुम्ही, कुणी बोला, हॅलो –

ठेवला कुणीतरी.

कानिफनाथ उठला. माझा हात धरलाय. हळूच, म्हाताऱ्याला धरतात तसा. मी त्याला म्हटलं मला काही झालेलं नाही. बोलताना मध्ये थांबावं लागलं. आत घेतो तेव्हा छातीत बारीक, अगदी बारीक –

ती कुठे होती ते तरी –